तिसरी सुई

दोनदा शीर सापडली नाही
तर तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही,
दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं.
रक्त काढायच्या आमच्या खोलीत
भिंतीला चिकटवलेला नियम आहे हा,
कोपरे पिवळे पडलेत त्याचे.

मी तिसऱ्यांदा बसले परीक्षेला.

डुलुथहून मिनिॲपोलिस अडीच तास,
जानेवारीत चार.
केंद्रावर यंत्रापुढे तळहात धरायचा असतो.
ठसे नाही, आतल्या शिरा बघतं ते.
ओळखलं त्यानं मला, झटक्यात,
जुनी गिऱ्हाईक म्हणून.

चारशे शहाण्णव. पाचशे तीन. पाचशे नऊ.

सुट्टीच्या दिवशी एकेका कॉलेजला फोन लावला.
एक म्हणालं, सर्वांत मोठा आकडा धरतो.
एक म्हणालं, शेवटचा.
एक म्हणालं, सरासरी काढतो:
पाचशे दोन आणि वर काहीबाही,
जो आकडा मला कधी पडलाच नाही.
एका ठिकाणच्या बाई जरा थांबल्या,
"आम्ही सगळंच बघतो," म्हणाल्या,
पडद्याआड जाऊन गाऊन घाला
असं सांगतात ना, त्या आवाजात.

सगळंच म्हणजे काय काय, बाई?
चारशे शहाण्णवच्या आदल्या रात्री
बाबांच्या भट्टीवर मासे धुरवत होते मी,
कामाचा पोरगा पळाला होता.
सकाळी शेजारच्या खुर्चीतला मुलगा
वळून वळून माझ्या बाहीचा वास घेत होता.
हे लिहिता येईल.
पण पाचशे तीनला काही नव्हतं.
झोप झाली होती, पोटभर खाल्लं होतं,
कुणी आजारी नव्हतं, कुणी मेलं नव्हतं.
तरी पाचशे तीन.
त्याचं काय लिहू?

काल ऑरिन स्काउगेन आले,
अडतीस वर्षं खनिजाच्या जहाजांवर काढलेले.
रक्तदाब तीनदा घेतला.
पहिला सोडून द्यायचा,
धापा टाकत आलेल्या माणसाचा असतो तो.
उरलेल्या दोघांची सरासरी.
इतकं सरळ. कुणी खुलासा मागत नाही.
"मग खरा कुठला?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, हात सैल सोडा.

मग शीर.
डाव्या कोपरात चुकली.
जरा खाली, पुन्हा चुकली.
मी भिंतीकडे बघितलं.
"तूच बघ गं अजून एकदा," म्हातारा म्हणाला,
"कुठे नाही ते तर कळलंय तुला."

मी जोलीनला हाक मारली.
नियम तो नियम, आणि हात माझा नव्हता.
हातमोजे चढवता चढवता तिनं विचारलं,
"कुठे कुठे बघितलंस?"
मी बोट ठेवून दाखवलं, इथे, आणि इथे.
ती त्या दोन टिंबांच्या मधोमध गेली.
रक्त आलं, गडद, घाई नसलेलं.

नळी माझ्याकडे आली.
मी सावकाश पाच वेळा उलटीपालटी केली,
चिठ्ठी लावली:
नाव, जन्मतारीख, वेळ, काढणाऱ्याची सही.
कितव्यांदा मिळालं
याला नळीवर रकाना नसतो.