श्वासाचं भोक

अमळनेर, मे, दुपारची तीन.
आठवीतली सात मुलं घेऊन
मी बर्फाच्या कारखान्यात गेले,
कारण पुस्तकातला सील
त्यांना खरा वाटत नव्हता.

हिलाल अप्पांनी विचारलं,
'सील म्हंजे तहसीलवाले दाराला ठोकतात, ते?'
मुलं हसली. मीही.
मग वाटलं, फारसं चुकलं नाही.
तिकडे कितीतरी महिने
समुद्राच्या दाराला कोणी असंच काही ठोकून जातं
आणि आत राहतो
अंगावर राखाडी कड्या असलेला एक जीव,
ज्याला फुप्फुसं आहेत, कल्ले नाहीत.

कोकिळानं, अप्पांच्या नातीनं, लगेच पकडलं:
'मंग तो बरफना खाले मरी नही जास का?'

नाही जात.
बर्फ सायीएवढा पातळ असतो
तेव्हाच तो डोक्यानं साय फोडतो,
श्वास घेतो, जातो, येतो, पुन्हा फोडतो.
साय भाकरीएवढी जाड होते, मग जात्याच्या पाळीएवढी,
मग पुरुषभर.
तो पुढच्या वल्ह्यांच्या नखांनी
खरवडत राहतो, खालून, अंधारात.
आणि भोक एकच नसतं. पाच-सहा असतात एकाची,
सगळी सांभाळायची.

बुडण्याआधी तो श्वास सोडून देतो.
हे मात्र कोणाला पटेना.
विहिरीत उडी मारताना आम्ही तर छाती भरून घेतो, बाई!
त्याची हवा छातीत नसते रे, रक्तात असते,
मांसात असते, म्हणून मांस जांभळासारखं काळं.
काळीज इतकं हळू करतो
की दोन ठोक्यांच्या मध्ये
तुम्ही बोरी, पांझरा, गिरणा, तापी
एवढ्या नद्या म्हणून घ्याल.
मासा पुढे निघून गेला
तरी पाण्याला पडलेली त्याची सळ
ह्याच्या मिशांना लागते.

अप्पा ऐकत होते, ऐकत नसल्यासारखे.
मग त्यांनी पायाखालची फळी उचलली.
खाली मिठाचं पाणी, शून्याच्याही खाली, तरी वाहतं.
त्यात उभे डबे, डब्या-डब्यात
एकेक बारीक नळी, हवेचे बुडबुडे सोडणारी.
'ही नसली तं बर्फ दुधी होतो.
चहूकडून गोठत येतं ना, मधलं पाणी
शेवटपर्यंत हलतं ठेवा लागतं.
लाइट गेली का मी सळई घेऊन बसतो.
बत्तीस वर्षं झाली.'
हात पुढे केला. नखं
मुळापर्यंत झिजलेली, पांढुरकी.
मी पुढचं पान उलटायची विसरले.

पुढच्या पानावर पिल्लू होतं.
भोकावर साचलेल्या हिमात मादी खोली कोरते,
घमेलं पालथं घालावं तशी.
आत ते, पांढऱ्या लोकरीचं,
वर अस्वल, हुंगत.
हल्ली तिकडे वेळेआधी पाऊस येतो,
छप्पर बसतं, लोकर भिजते.
ज्या गावात दहा दिवसांनी नळ येतो
तिथे, पाऊस पडला म्हणून कोणी मरतं,
हे मला तोंडानं सांगता येईना.
फळा असता तर लिहिलं असतं.

निघताना अप्पांनी एक लादी काढून दिली.
नळीच्या जागी तिच्यात
बोटभर भोक राहून गेलं होतं.
बाहेर, भुश्याच्या पोत्यांशेजारी,
कोकिळा त्या भोकाला कान लावून
बराच वेळ पालथी.
पाणी तिच्या कोपराखालून निघून
धुळीत दोन हात चाललं आणि संपलं.

'येतं का काही ऐकू?'
'नही.'
मग उठली, ओला गाल बाहीला पुसला,
आणि मला समजावल्यासारखं म्हणाली,
'दुसरा भोकजोडे गया व्हई.'