फ्रंटेज एकेचाळीस मीटर

धारगळच्या वळणाआधी सर्व्हेचा दगड,
अर्धा मातीत, अर्धा गुटख्याच्या पिंकेत,
तिथून आमची जमीन सुरू होते.
एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं सहा.
सह्या अकरा लागतात,
कारण गोव्यात नवऱ्याच्या वाट्याला बायको लागते, बायकोच्या वाट्याला नवरा,
आणि आमच्यात सगळ्यांची लग्नं झाली,
माझं सोडून.

म्हणून वही माझ्याकडे.
पतसंस्थेत सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं व्याज मोजलंय,
भावंडांची तोंडं वाचायला तेवढा सराव पुरतो.

जयवंत म्हणाला, पेट्रोल पंप.
खोलीला नऊ मीटर कमी पडलो.
रत्नाकर भावजी म्हणाले, बार,
मग स्वतःच म्हणाले, हायवेपासूनचं अंतर,
आणि बशीतला चहा थंड होईपर्यंत गप्प राहिले.
प्रेमावतीला मंगल कार्यालय हवं. तिला मुली तीन.
शार्दूल मोबाइलमधून मान न काढता म्हणाला,
गाड्या चार्ज करायचं स्टेशन.
वीस मिनिटं गाडी उभी, वीस मिनिटं माणूस रिकामा,
"आत्या, रिकामा माणूस खर्च करतो."
वाक्य आवडलं, उतरवून घेतलं.
ट्रान्सफॉर्मरचा खर्च कळला तेव्हा त्याच्यावरूनच रेघ ओढली.

भात कुणीच म्हटलं नाही.
मीही नाही, खोटं कशाला बोलू.
रस्ता उंच झाल्यापासून त्याचं सगळं पाणी आमच्यात उतरतं
आणि निघायचं विसरतं.
चार वर्षं नुसता लव्हाळा.
बाबांच्या खरेदीखतात पूर्वेची हद्द लिहिलीय: बैलगाडीची वाट.
तिला आता दुभाजक आहे, त्यावर कण्हेर,
आणि कण्हेरीला पाणी घालायला सरकारी टँकर.

शेवटी पणजीहून एक माणूस आला, पांढरे बूट घालून.
बांधावर उतरलाच नाही.
म्हणाला, जमीन नकोच मला, दोन खड्डे द्या फक्त.
आकडा सांगितला.
वर्षाला? मी विचारलं.
महिन्याला, तो म्हणाला.
वहीत त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही,
नुसती पेन्सिल टोकत बसले.

अकरावी सही दोह्याहून यायला आठ महिने गेले.
आता दोन खांब आहेत, वर चाळीस बाय वीसचं चित्र:
हिरवंगार शेत, मधोमध पांढरी व्हिला, निळी पोहायची टाकी.
काढणाऱ्याने भात जवळून पाहिलं नसावं.
दाणे भरलेत, आणि लोंब्या ताठ.
जयवंत म्हणतो, शेतापेक्षा शेताच्या फोटोला भाडं जास्त,
आणि हसतो, आणि मग त्याला ठसका लागतो.

चित्राची सावली सकाळी आमच्या बाजूला पडते.
तिथे इनासिन येऊन बसते,
अळसांदे, हरमलची मिरची, तांबड्या भाजीच्या पाच-सहा जुड्या.
सावली सरकली की टोपली सरकवते.
भर दुपारी खांबाएवढी सावली उरते,
तेव्हा तीही खांबाएवढीच होऊन बसते.

करारात लिहिलंय, जागेचा अन्य वापर नाही.
मी सांगायला गेले.
म्हटलं, इनासिन, ही सावली भाड्याने दिलेली आहे.
तिने मिरच्या वर-खाली केल्या.
"सावळी सुर्याची गो बाय, तुजी न्हय."
आणि एक जुडी माझ्या हातात कोंबली,
मुळांना माती होती, ती करारावर सांडली.

वहीत जमेला लिहिलं: तांबडी भाजी, जुडी एक.
किंमत लिहायची राहिली.
संध्याकाळी सावली रस्ता ओलांडून
गांवसांच्या हद्दीत जाते, टोपली डोक्यावर घेऊन इनासिनही.
तिकडचं भाडं कुणाचं,
हे पुढच्या बैठकीत विचारायचं आहे.