दुसऱ्या गेटवर

गेट पडलंय.
गाडी लोंढ्याकडची की मिरजेकडची,
कुणाला ठाऊक. मी इंजिन बंद करतो.
स्कूटी, सायकली, एक गॅसवाला
दांडीखालून वाकून पलीकडं जातात,
जशी वडगावात आप्पांच्या दुकानाचं शटर
अर्धं उघडलं की खालून पोरं शिरायची.

तेरा सायकली. तासाला आठ आणे.
मडगार्डवर पांढऱ्या रंगानं आकडे, एक ते चौदा.
नऊ नंबर कुणी तरी खानापूरला नेली,
ती नेलीच.
तरी आप्पांनी दहाची नऊ केली नाही.
येईल की, म्हणायचे.
अनामत नाही, कार्ड नाही, सही नाही.
मागांच्या खटखटीत मान वर न करता एवढंच विचारायचे,
कुणाचा रे तू?

ते गेल्यावर मी तेराच्या तेरा किलोवर विकल्या
आणि जुनी गाडी घेतली, भाड्यानं लावायला.
सायकल सुटली. भाडं काही सुटलं नाही.

मग गेल्या साली लेकीकडं, कोपनहेगनला.
सुलक्षणा म्हणाली, इथं गाडी कशाला, बाबा?
कशाला म्हणजे?
धुक्यात चोर्ला घाट डोळे मिटून उतरणारा माणूस मी.
तुझ्या नवऱ्याला एकदा दाखवतो की.

काउंटरवरच्या पोरीनं
पासपोर्ट घेतला, परवाना घेतला,
बेळगावच्या आरटीओचा शिक्का उलटा धरून बघितला,
जावयाच्या कार्डावर एवढे पैसे अडवले
की तेवढ्यात आमच्याकडं लग्नाचा मांडव पडेल.
सगळं विचारलं तिनं.
कुणाचा तू, तेवढं राहिलं.

स्टेअरिंग डावीकडं. गिअर बदलायला गेलो की
डावा हात दारावर आपटायचा.
तरी निघालो.
तिसऱ्या चौकात उजवीकडं वळायचं होतं.
दिवा हिरवा. रस्ता मोकळा.
फक्त उजव्या अंगानं सायकली येत होत्या
आणि त्यांचा हक्क आधी.

थांबलो.
कोट घातलेला म्हातारा. गरोदर बाई.
पुढच्या खोक्यात दोन पोरं आणि एक कुंडी
घेऊन चाललेली तिसरीच कुणी तरी.
मला मोजायची सवय, आप्पांची.
सात, आठ, मग दहा म्हणालो
आणि मलाच कळलं नाही का.

दिवा लाल झाला. परत हिरवा. परत लाल.
मागं पाच गाड्या. एकाचाही हॉर्न नाही.
त्या गप्प बसण्याला मी जेवढा घाबरलो
तेवढा घाटात समोरून आलेल्या ट्रकला घाबरलो नव्हतो.
लेक म्हणाली, घाई नाही, बाबा.
मी म्हटलं, बघालोय गं.

अकरा किलोमीटर. तेवढ्यासाठी दिवसाचं भाडं.
परत देताना त्या पोरीनं विचारलं,
गाडीला काही झालं का?
गाडीला काही नाही, म्हटलं.
ती हसली, सही घेतली.

लोंढ्याकडचीच निघाली. मालगाडी.
दांडी उचलायच्या आधीच
दोन्हीकडची गर्दी सगळा रस्ता भरून
समोरासमोर उभी, कबड्डीसारखी.
मी चावी फिरवतो, रूळ ओलांडतो,
पुढं डाव्या हाताला वळायचंय,
आणि डावीकडूनच एक पोरगा येतो,
कैची मारत. सीटपर्यंत पाय पोचत नाहीत.
चेनचा आवाज. पाठीवर दप्तर, एका पट्ट्याचं.

थांबतो मी.

मागं हॉर्न, एक, चार, मग मोजता येत नाहीत.
ए काका, झोपलास काय?
मुंदक होग्री, मुंदक!
दोन्ही भाषांत एकच म्हणणं.
एवढ्या एका बाबतीत या गावात वाद नाही.

पोरगा माझ्याकडं बघतही नाही.
कशाला बघेल?
डुलत डुलत माझ्या पुढून जातो,
आणि मी मान लांब करून
त्याच्या मागच्या मडगार्डवर
काही लिहिलंय का बघतो.
गंज आहे. चिखल आहे.
एक पांढरा ठिपका आहे,
पक्ष्याचाही असेल.