किती शितं

सात पूर्णांक दोनवरून सात पूर्णांक तीन.
"किरकोळ आहे मॅडम," कंपनीचा पोरगा म्हणाला,
"रविवारी रात्री टाकून देतो, सोमवारी तुम्हाला कळणारही नाही."

कळणार नाही, हीच तर भीती.

धंतोली, दुसरा मजला, मे महिना.
कूलरच्या ताट्या कालच बदलल्या,
फॉर्मॅलिनवर वाळ्याचा वास जेमतेम चढलाय.
ताट्या बसवून झाल्यावर झिबलभाऊंनी बटण दाबलं,
हवेसमोर तळहात धरला,
"झालं," म्हणाले, आणि पैसे घेऊन गेले.
मी त्या तळहाताकडे बघत राहिले.

माझ्यापुढे बदलांची यादी. सोळा पानं.
पान चार : छपाईचा समास दुरुस्त.
पान नऊ : लॉगिनची खिडकी आता निळी.
पान अकरा, खालून तिसरी ओळ :
दशांश पूर्णांकनात सुधारणा.
एवढंच. कुणाच्या दशांशात, ते नाही.

डॉक्टर चिमोटे दारातूनच विचारतात, किती दिवस?
सगळं तपासायचं तर तीनशे चाळीस चाचण्या,
दोन माणसं, एकवीस दिवस.
काहीच तपासायचं नसेल
तर खाली जाऊन तर्री-पोहे.
या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक आकडा आहे
आणि त्याच्याखाली माझी सही.

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
पण भात एका पाण्यात, एका आचेवर शिजतो.
इथे दर शिताची चूल वेगळी.
साखर बरोबर आली
म्हणून पोटॅशियमबद्दल काय कळलं?

चार वर्षांपूर्वी, मागच्या अपग्रेडनंतर,
नऊ दिवस
सिकलसेलच्या रिपोर्टखालची मराठी टीप
एक घर खाली सरकली होती.
आकडा बरोबर. हिमोग्लोबिन एस, अडतीस टक्के.
छापायला हवं होतं : वाहक.
छापलं : रुग्ण.
सत्तावीस रिपोर्ट. फोन मीच केले.
सव्वीस जणांनी ऐकून घेतलं.
सत्ताविसावा नंबर पारडीचा, मुलीचे वडील.
ते म्हणाले, सोयरीक तर मोडली नं मॅडम,
आता नवा कागद कोणाले दाखवू?

म्हणून पेन्सिल.
निळ्या खिडकीला शून्य.
समासाला एक प्रिंट, तोही पाठकोऱ्या कागदावर.
सिकलसेलच्या सगळ्या टिपा, एकही न सोडता.
तीन दिवसांच्या बाळाची कावीळ,
कारण वय दिवसांत मोजायचं की महिन्यांत
हे यंत्राला दर वेळी आठवेलच असं नाही.
आणि उंबरठ्यावरचे आकडे,
जे ना घरात ना अंगणात.
एकावन्न झाल्या. साडेतीन दिवस.

एकावन्नच का? ऑडिटवाला विचारील.
त्याच्यासाठी कारणं लिहिते. मग दुसरी यादी करते :
जे तपासलं नाही ते, आणि का नाही.
ती लांब आहे.
तिच्याखाली सही करताना पेन जरा जास्त दाबलं गेलं.

शनिवार. प्रणय खोब्रागडे खोटे पेशंट भरतोय.
नावं सुचेनात म्हणून त्याने
सगळ्यांना पाचपावलीच्या क्रिकेट टीमची नावं दिलीत.
विकेटकीपरला तीन दिवसांचं बाळ केलंय.
पंचेचाळिसावी चाचणी :
एकोणचाळीस पूर्णांक पंचाण्णव शतांश.
जुन्यात छापलं एकोणचाळीस पूर्णांक नऊ, वाहक.
नव्यात चाळीस पूर्णांक शून्य,
आणि टीप : पुन्हा तपासा.

"सापडलं नं मॅडम!" प्रणय खुर्चीतून उठलाच.
त्याचा आनंद खरा आहे. माझाही, अर्धा.
एक सापडलं,
म्हणजे एकावन्न पुरल्या
की कमी पडल्या?

कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा फिरतोय,
हवा लागतेय, पण गरम.
तळहात समोर धरला असता तर कळलं असतं.
मी पेन्सिलीला टोक काढायला घेते.