भरलेला बाक

प्लॅटिनमला नाही म्हणता येत नाही.
समोर येईल त्या रेणूला
अंगावर आडवं पाडून घेतं
आणि दोन्ही बंध उसवतं,
हवा तो, नको तोही.
तीन वर्षं आमच्या आलेखावर
दोन सुळके. हवा होता एक.

तुर्कूत नदी गोठलेली. सकाळचे नऊ, तरी अंधार.
दालचिनीचा अर्क माझ्या स्वेटरात इतका मुरलेला
की बसमध्ये एक पोर आईला म्हणालं,
या बाईंकडे गरम पाव आहे.
मी रिकामे हात दाखवले.

ओस्मो म्हणाला, गंधक लाव.
मी हसले.
गंधक म्हणजे धातूला विष,
पहिल्या वर्षाच्या पोरांना हे मीच शिकवते.
ओस्मो वाद घालत नाही,
चष्मा पुसतो.
शनिवारी सौनाहून आला, कान अजून लाल,
तेव्हा म्हणाला:
बाक रिकामा असला की माणूस आडवा होतो.
नऊजण दाटून बसले
की उशिरा आलेल्याला ताठच उभं राहावं लागतं.
कडेवर टेकतं तेवढं एक टोक.

मग थायॉल. अठरा कार्बनांची शेपटी,
बुडाशी गंधक.
रात्रभर अल्कोहोलात भिजवला धातू.
सकाळी त्याच्यावर बर्चचं रान,
एका रेणूच्या उंचीचं,
मला न दिसणारं, तरी मी वाकून पाहिलं.

दुपारी दोन चाळीसला
एक सुळका वर गेला.
दुसरा होता तिथे नुसता उंचवटा,
चादरीखाली विसरलेल्या मोज्याएवढा.
वेग मात्र निम्म्याच्याही खाली.
प्राध्यापक लिंडरूस यांनी आधी वेगच पाहिला,
ओठ आवळले,
मग खुर्ची ओढून बसल्या.

बाटली उघडली. दालचिनी जेमतेम.
तिच्या जागी हायसिंथ,
आई नाताळात खिडकीत ठेवायची तो,
बाहेर बर्फ, काचेला वाफ,
आणि कुंडीभोवती गुंडाळलेला लाल कागद.

ओस्मोनेही नाकाशी धरली.
चाळीस वर्षांच्या गंधकाने
त्याचं नाक केव्हाच मिटवलंय,
हे मी विसरलेच होते.
कसा येतो, त्याने विचारलं.
मी शब्द शोधत राहिले. म्हटलं,
उभा. एका टोकावर.

तो मे महिन्यात निवृत्त होतोय.
मान हलवली, पेन्सिल चाटली,
वहीत लिहिलं:
वास बदलला. साक्षीदार, हिल्का.