उलटा हात

बापदेव घाट उतरताना वास आला.
आधी वाटलं, येवलेवाडीच्या अलीकडे कुणी कचरा पेटवलाय.
मग कळलं,
वास आमच्याबरोबरच वळणं घेतोय.
उतार संपला, गिअर काढून टाकला,
तरी गाडी घरंगळेना.
कुणी मागून पदर धरावा तशी थांबली.

कोंढव्यात दस्तगीरने बॉनेटला हातच लावला नाही.
एकेका चाकाजवळ उलटा हात नेला,
टेकवला नाही, नुसता जवळ,
भाकरी टाकण्याआधी तव्याचा ताव बघावा तसा.
मागची दोन्ही कोमट.
पुढचं उजवं ठीक.
पुढच्या डाव्यावर त्याने बाटलीतलं पाणी शिंपडलं
आणि थेंब चुर्र करून उडाले.
"हे."

"ब्रेकवर पाय ठेवून चालवता का, ताई?"
"नाही."
"सगळे नाहीच म्हणतात."

(सासवडला सह्या करून येत होते.
तात्यांच्या अंजिराच्या बागेतला माझा हिस्सा
मी राजीखुशीने सोडत आहे, असं कागदावर होतं.
भावाने पेढा पुढे केला. खाल्ला.
वहिनी म्हणाली, चहा टाकू?
मी म्हटलं, नको, घाटात अंधार होतो.
तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.)

जॅक लावला. चाक हाताने ढकललं,
पाव फेरा, आणि थांबलं.
"आता बघा हां," म्हणत त्याने
मागचा निपल अर्धा आटा सैल केला.
चिळकांडी उडाली,
कोऱ्या चहासारखं काळपट तेल,
आणि चाक फिरलं.
एक फेरा, दोन, तिसऱ्याला रेंगाळत.

"पिस्टन धरला असता
तर तेल सोडूनही सुटलं नसतं.
म्हणजे दाब आतच राहतोय.
पाय दाबला की जातो,
पाय काढला तरी परत येत नाही."
त्याने होज काढली, वीतभर रबर,
कुठे चीर नाही, फुगवटा नाही, माझ्यापेक्षा चकचकीत.
ब्लेडने उभी चिरली.
आत सगळं सुजून मिटलेलं.
"ह्यांचं बाहेरून कळत नाही," म्हणाला,
आणि मला का कोण जाणे हसू आलं,
मग ते थांबेना,
मग ते हसू राहिलं नाही.
दस्तगीर उगाच पाने पुसत बसला.

नव्या होजा नाना पेठेतून पोराने आणल्या, जोडीच,
एक गेली की दुसरीचं काही खरं नसतं म्हणून.
तेल बदललं. हवा काढली.
पेडल दाब, धर, सोड;
दाब, धर, सोड;
शेवटच्या सोडला माझा पाय थरथरत होता.

"वीसेक किलोमीटर चालवा
आणि चाकं स्वतः बघा. उलट्या हाताने.
सुलटा हात भाजला तर कामाला राहत नाही."

घर सात किलोमीटरवर होतं.
मी गाडी पुन्हा घाटाकडे घातली.

भावाच्या दारात उतरले तेव्हा दिवे लागले होते.
आधी पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला.
कोमट.
मग कडी वाजवली.