कॅरियाकूचा बेत

केलन, ती पेन्सिल आण इकडे.
तू लिहिलंयस: "पहिला दिवस, पाचला उठणे."
पाचला तर आपण रोजच उठतो,
तू पाहुण्यांची होडी धुवायला
आणि मी ग्राँड आन्सच्या हॉटेलात
टॉवेलचे हंस घडवायला.
दिवसाला बावीस खोल्या, चव्वेचाळीस हंस,
माना एकमेकांकडे झुकवलेले, मधे बदामाचा आकार.
संध्याकाळी ओले, वाळूने जड होऊन
फरशीवर पडलेले असतात.

सुट्टी म्हणजे काय, ते मला चादरींवरून कळतं.
कोण दुपारभर झोपलं, कोण भांडून कडेला सरकलं,
कुणाच्या उशीखाली परतीचं तिकीट
चार दिवस आधीच चुरगळलेलं.
आपली चादर काय सांगेल, ठाऊक नाही.
लग्नाला चौदा महिने झाले,
दोघांना एका दिवशी सुट्टी एकदाच मिळाली,
वादळाच्या दिवशी.
ती खिडक्यांना फळ्या ठोकण्यात गेली.

मागच्या पायरीवर आपण दोघं,
मधे हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर,
दुधाच्या डब्यात सहाशे चाळीस डॉलर.
त्यातले साठ तुझ्या आईचे, ते परत ठेव.
फेरी बंदरावरून सुटते, दोन तासांची वाट.
एवढंसं अंतर, आणि तिकडे मी एकदाच गेलेय,
सात वर्षांची असताना, आजोबांच्या मयताला.
"वाटेत पाण्याखाली ज्वालामुखी आहे,
बोट त्याला वळसा घालते,"
तू मला असं सांगतोस जणू मी टुरिस्टच.
स्वतः बोट चालवतोस, पण प्रवासी म्हणून बसलास
की तुझ्या पोटात ढवळतं,
हे मात्र पाहुण्यांना सांगत नाहीस.
आईने जायफळ दिलंय खिशात ठेवायला.
खायचं नाही, नुसतं हुंगायचं.

दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात तुझं अक्षर:
सँडी आयलंडला मासे बघणे,
विंडवर्डला लाकडी होड्या बांधताना बघणे,
टँटी यूलाच्या छपराचे चार पत्रे बसवून देणे.
पत्रे राहू दे. बरं, नाही, दोन पत्रे.
होड्या राहू दे. मासे तर तू रोजच बघतोस,
माणसांना दाखवता दाखवता.
मला समुद्रात कंबरेपर्यंत उभं राहायचंय,
काही न बघता.
बोटांची कातडी सुरकुतेपर्यंत,
एकदा तरी साबणाशिवाय.

शनिवारी मिसेस पास्कल म्हणाली,
"डेझरीन, त्या आठवड्यात सगळं भरलंय, येशील ना?"
मी म्हटलं, नाही.
मग तशीच उभी राहिले, हातात अर्धा हंस,
मान नसलेला.
ती म्हणाली, "बरं."
एवढंच. सहा वर्षं ज्याला भीत होते
तो शब्द एवढासा निघाला.

बॅग एकच.
टॉवेल घरचा, निळा, कडा उसवलेला,
घडी न घालता कोंबलाय.
तू विचारलंस, "आणि तिसऱ्या दिवशी काय?"
रकाना कोरा.
आपण दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो,
न वाचलेला धडा पेपरात यावा तसे.
शेजारच्या रेडिओवर क्रिकेटचा स्कोअर,
कुणाकडे तरी निखाऱ्यावर ब्रेडफ्रूट करपत होतं,
आणि तू हळूच म्हणालास,
"डेझ, काही करायचं नसलं
की हात कुठे ठेवतात?"

मी हसले नाही. मलाही माहीत नव्हतं.

टँटी यूलाला फोन लावला.
ती आधी ओरडली, मग रडली, मग मुद्द्यावर आली:
"जेवायला किती वाजता याल?"
मी तुझ्याकडे पाहिलं. तू कॅलेंडर उलटं केलंस.
"ठरवलंच नाही, टँटी."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग ती म्हणाली,
"बरं तर. मी भांड्यावर झाकण ठेवून झोपेन."